ओळीचे टोक

नगरच्या जुन्या पेठेत एक फोटो स्टुडिओ होता. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पाट्या बदलल्या. पण एसटीत बसलेला माणूस अजून ‘एक नगर’ असेच तिकीट मागतो. म्हणून या गोष्टीतही नगरच म्हणू.

स्टुडिओच्या मालकांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या हाताखाली एक मुलगा होता, पाथर्डीकडचा. दहावी झाल्यावर चुलत्याने त्याला आणून सोडले आणि म्हटले, “तात्या, रानात काही राहिलं नाही. याला काहीतरी हातचं शिकवा.” तात्यांनी ठेवून घेतला.

पहिली दोन वर्षे मुलाने कॅमेऱ्याला हात लावला नाही. झाडलोट करायची, पाणी भरायचे, पडदे झटकायचे, डार्करूममध्ये ट्रे हलवत उभे राहायचे. शाळांच्या ग्रुप फोटोचा हंगाम आला की मात्र स्टँड खांद्यावर टाकून तो तात्यांच्या मागे गावोगाव फिरे.

तात्यांची एक सवय होती. ओळी लागल्या, हेडमास्तर मधल्या खुर्चीवर टेकले, की बाकीचे फोटोग्राफर त्या खुर्चीवर फोकस करून मोकळे होत. तात्या काळ्या कापडाखाली शिरत. घाशीव काचेवर सगळी शाळा उलटी पडलेली असे, पाय वर आणि डोकी खाली. त्या काचेवर ते भिंग ठेवत, ते आधी कोपऱ्याजवळ. मग कापडातून बाहेर येत आणि ओळीच्या टोकाला जात. शेवटच्या पोराची कॉलर सरळ करत, त्याला नाव विचारत. दोन्ही टोकांची बाके हातभर पुढे ओढायला लावत, म्हणजे ओळ चंद्रकोरीसारखी जराशी वाकायची. त्यांची जुनी लेन्स कडेला जवळचे नीट पाहायची आणि लांबचे पुसट करायची. लेन्सचा स्वभाव असा, तर बाकांनी थोडे जमवून घ्यायचे, एवढाच त्यांचा हिशेब.

हेडमास्तर खुर्चीवर चुळबुळ करत. “तात्या, किती वेळ?”

“झालंच गुरुजी. मधल्यांना काय, कुणी विसरत नाही.”

फोटो तयार झाला की मागे नावे लिहायची. खुर्चीवर बसलेल्यांची नावे लिहून मागच्यांना ‘उभे : इयत्ता सहावीचे विद्यार्थी’ म्हणून उरकायची पद्धत होती. तात्या शिक्षकांकडून हजेरीपट मागून घेत आणि उभ्यांची नावे आधी लिहीत, डाव्या टोकापासून. मुलाला हे म्हातारपणाचे खूळ वाटे. तो बोलत नसे.

वर्षे गेली. रोल गेले, डार्करूमची अडगळीची खोली झाली, डिजिटल कॅमेरे आले. एका नेत्रशिबिरात तात्यांनी डोळे तपासून घेतले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठे अक्षर आणि खाली बारीक होत गेलेल्या ओळी. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली अशा तक्त्याची रीत घालून दिली. आजही चष्म्याचा नंबर त्याच रीतीने निघतो. तात्यांनी शेवटची ओळ धडाधड वाचली. पण मग डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रासमोर बसवले. मधल्या खुणेवर नजर ठेवायची, आणि आजूबाजूला कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे. तात्या बसून राहिले. बटण फारसे वाजलेच नाही.

काचबिंदू होता. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची असते. आणि हा रोग बहुधा कडेने येतो. समोरचे वर्तमानपत्र वाचता येते, बाजूने आलेली सायकल दिसत नाही.

तात्या घरी आले, चहा घेतला आणि दुकानाच्या किल्ल्या मुलापुढे ठेवल्या.

“ज्याला कडेचं दिसत नाही, त्यानं ग्रुप फोटो काढू नये,” ते म्हणाले.

मुलगा आता मुलगा राहिला नव्हता. त्याचे लग्न झाले होते, पाटीवर त्याचे नाव लागणार होते. पण गोष्टीत आपण त्याला मुलगाच म्हणू.

दुकान हाती आल्यावर त्याने नवा कॅमेरा घेतला आणि त्याला शोभेल अशी लेन्स घ्यायची ठरवली. पुण्याच्या दुकानदाराने एक माहितीपत्रक दिले. त्यात लेन्सच्या चित्राखाली एक आलेख होता, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या चार रेघांचा. मुलाने तो आठवडाभर अभ्यासला, दोघांचौघांना विचारून समजून घेतला, आणि एका संध्याकाळी तात्यांपुढे ठेवला.

“हे काय, तापाचा कागद?” तात्यांनी विचारले.

“लेन्सची पत्रिका म्हणा. किती धारदार आहे ते यात कळतं.” तो समजावू लागला. “ही आडवी रेघ म्हणजे अंतर. डावीकडं शून्य, म्हणजे फोटोचा मधोमध. उजवीकडं जावं तसं मधापासून लांब. शेवटी २१.६ मिलिमीटर, म्हणजे कोपरा. सेन्सर ३६ बाय २४ चा आहे, त्याच्या मधापासून कोपरा तेवढाच लांब पडतो.”

“आणि ही उभी?”

“शून्य ते एक. काळी रेघ, पांढरी रेघ, काळी, पांढरी, अशी जाळी लेन्ससमोर धरली असं समजा. काळं काळंच आलं, पांढरं पांढरंच आलं, तर एक. दोन्ही मिसळून सगळा राखाडी गिचका झाला तर शून्य.”

“पण रेघा जाड का बारीक?”

मुलगा खूष झाला. म्हातारा नेमके विचारत होता. “दोन्ही. वरच्या दोन रेघा आहेत ना, त्या जाड जाळीच्या. सेन्सरच्या एका मिलिमीटरात काळ्या-पांढऱ्याच्या १० जोड्या. खालच्या दोन बारीक जाळीच्या, मिलिमीटरात ३० जोड्या.”

तात्यांनी मान हलवली. “टेकडीवरून नांगराची तासं दिसतात, मेथीच्या वाफ्यातल्या ओळी दिसत नाहीत. तसं.”

“तसंच. जाडवाली वर राहिली की फोटो उठावदार दिसतो. बारीकवाली वर राहिली की पापण्या मोजता येतात.”

“आणि एक अखंड, एक तुटक का?”

इथे मुलगा अडला. त्याला इंग्रजी शब्द पाठ होते, सांगायला शब्द नव्हते. तात्याच बोटाने कागदावर गोल काढत म्हणाले, “जाळीच्या रेघा मधातून बाहेर जाणाऱ्या धरल्या तर बैलगाडीच्या चाकाचे आरे. आणि त्यांना आडव्या धरल्या तर चाकाची धाव. असं काही आहे का?”

तसेच होते. अखंड रेघ आऱ्यांची, तुटक रेघ धावेची. दोन्ही बरोबर चालल्या तर कडेचा ठिपका ठिपकाच राहतो. फाकल्या तर तो एका अंगाला ओढला जातो. आयुष्यभर घाशीव काचेवर असे ओढलेले ठिपके पाहिलेल्या माणसाला ते सांगायची गरज नव्हती.

“बघा,” मुलगा डाव्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, “सुरुवात कुठं आहे! जाडवाली नव्वदच्या वर. बारीकवाली पंच्याहत्तर. डिस्टिंक्शन आहे तात्या.”

तात्यांनी मान वळवून कागदाची उजवी बाजू शोधली. तिथे बारीक जाळीच्या रेघा खाली आल्या होत्या, आणि आरे-धाव एकमेकांपासून फाकले होते.

“आणि इथं कोण उभं राहतं?” त्यांनी विचारले.

मुलगा हसला. “गिऱ्हाईक मधलंच बघतंय, तात्या.”

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला आणि लेन्स घेऊन आला. २४ मिलिमीटरची, १.८ पर्यंत अपर्चर उघडणारी. आलेखाने काही लपवले नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. असे आलेख बहुधा अपर्चर पूर्ण उघडे धरून काढतात. म्हणजे लेन्स सगळ्यात अवघडलेली असते तेव्हाचे ते माप असते. सोयरिकीला आलेल्या माणसाने पहिल्याच बैठकीत स्वतःचे उणे सांगावे, तसा तो कागद होता. ऐकणाऱ्याने डावीकडचे तेवढे ऐकले.

२०१५ च्या दसऱ्याआधी मुलाला गर्भगिरीच्या पायथ्याच्या एका शाळेतून बोलावणे आले. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. मुकादमांनी उचल वाटली होती, ट्रॅक्टर ठरले होते, दसरा झाला की गावातले कोयते ऊसतोडीला कारखान्यांकडे निघणार होते. कोयता म्हणजे तिकडे नवरा-बायकोची जोडी. जोडीबरोबर पोरेही जात. घरात म्हातारी असली तर एखादे मागे राही. पण ज्या पोरीला लहान भाऊ असे तिची शाळा दसऱ्यापर्यंतच. आई-बाप फडात असताना झोपडीवजा कोपीवर भावाला धरणारे कुणीतरी लागते. म्हणून गुरुजींना फोटो आधीच उरकायचा होता. पट भरलेला दिसायला हवा होता.

चारची वेळ दिली होती. प्रमुख पाहुणे साडेपाचला आले. तोवर ऊन डोंगराआड गेले. ओळी शाळेच्या व्हरांड्यासमोर लावल्या होत्या. समोर सात मीटरवर कुंपणाची भिंत होती, भिंतीपलीकडे मोकळे मैदान. मुलगा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नवी लेन्स एवढ्या जागेत सगळ्यांना सामावून घेत होती, त्याचे त्याला कौतुक वाटले. उजेड कमी होता, म्हणून त्याने अपर्चर पूर्ण उघडले. मधल्या खुर्चीतल्या पाहुण्यांच्या चष्म्यावर फोकस केला.

तेवढ्यात एक मुलगी धावत आली. अकरा-बारा वर्षांची असेल. कडेवर वर्षाचा भाऊ. ओळ भरली होती, गुरुजींनी हाताने खूण केली, ती मागच्या ओळीत डाव्या टोकाला उभी राहिली. मुलाने तीन वेळा बटण दाबले.

बारा बाय अठरा इंचांचा फोटो शाळेत गेला तेव्हा वाहवा झाली. पाहुण्यांच्या खिशातल्या पेनची क्लिप दिसत होती. हेडमास्तरांच्या मिशीतला पांढरा केस मोजता येत होता. डाव्या टोकाकडे कुणी पाहिले नाही. पाहण्यासारखे तिथे काय होते?

नऊ वर्षे झाली. २०२४ चा पावसाळा संपत आला होता. एक तरुण मुलगी दुकानात आली. नगरला नर्सिंग शिकत होती. पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक लहान प्रत काढली. शाळेने तेव्हा पैसे घेऊन मुलांना दिलेली.

“दादा, यातलं एवढंच मोठं करून मिळंल का?” तिने डाव्या टोकावर नख ठेवले.

मुलाने फोटो ओळखला. जुन्या हार्ड डिस्क शोधल्या, मूळ फाईल सापडली. त्याला हायसे वाटले. प्रत लहान असली तरी फाईल मोठी होती, नव्या लेन्सची होती. त्याने मुलीला खुर्ची दिली आणि स्क्रीनवर टोक मोठे केले.

चेहरे नव्हते. चेहऱ्यांच्या जागी दोन गव्हाळ डाग होते, बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे. डोळ्यांच्या जागी सावली, तोंडाच्या जागी सावली. मुलीच्या खांद्यावर लाल रिबिनीची वेणी मात्र दिसत होती.

“थांबा हं ताई,” तो म्हणाला. “करू आपण.”

धूसर फोटो धारदार करणारे सॉफ्टवेअर हल्ली मिळते. त्याने ते चालवले. मिनिटभरात डागांना डोळे फुटले, नाक आले, ओठ आले. दोन्ही चेहरे गोड होते. त्याने स्क्रीन मुलीकडे वळवली.

तिने बराच वेळ पाहिले. “माझं जाऊ द्या,” ती म्हणाली. “पण हे डोळे त्याचे नाहीत.”

खरेच नव्हते. ते सॉफ्टवेअर हरवलेले शोधून आणत नाही. अशा वयाचे चेहरे साधारण कसे असतात एवढे त्याला ठाऊक असते, त्यावरून ते नवा चेहरा काढते. जे काचेतून आतच आले नाही, ते नंतर कुठून येणार?

काहीतरी बोलायचे म्हणून मुलाने विचारले, “भाऊ आता केवढा झाला?”

मुलगी स्क्रीनकडेच पाहत होती. “तेवढाच आहे,” ती म्हणाली.

त्याने पुढे विचारले नाही. सॉफ्टवेअरने काढलेले डोळे पुसून टाकले, मूळचे डाग परत आणले. मुलगी पुढे वाकली.

“हे बघा, मूठ. माझी वेणी धरलीय. वेणी ओढायचा तो सारखा.” तिने बोट ठेवले. लाल रिबिनीवर एक लहान गव्हाळ गोळा होता. “असंच द्या, दादा. असंच मोठं करून द्या.”

त्याने तसेच छापून दिले. पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर त्याने शटर अर्धे ओढले आणि तात्यांच्या घरी गेला.

तात्या आता मान सारखी वळवत पाहायचे, पाखरासारखी. त्यांनी सगळे ऐकून घेतले. रागावले नाहीत. म्हणाले, “लेन्स आण. आणि आजचा पेपर आण. निविदांचं पान असलेला.”

निविदांचे पान का, ते मुलाला लगेच कळले. त्याच्याइतका बारीक टाइप दुसऱ्या कुठल्या पानावर नसतो. त्यांनी भिंतीवर पाने शेजारी शेजारी चिकटवली, फ्रेम भरेल इतकी. स्टँडवर कॅमेरा लावला. तात्यांनी सुतळी काढायला लावली. कॅमेऱ्यापासून भिंतीच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत धरून पाहिली, दोन्हीकडे सारखी भरेपर्यंत स्टँड सरकवला. बटण हाताने दाबायचे नाही, टायमर लावायचा. आधी अपर्चर १.८, मग २.८, ४, ५.६ आणि ८.

पहिला फोटो स्क्रीनवर घेतला. मध्यावर ‘अटी व शर्ती’ लख्ख वाचता येत होत्या. उजव्या टोकाला अक्षरे मऊ होती, पण लागत होती. डाव्या टोकाला शाईचे ओघळ होते.

“भिंत वाकडी असेल,” मुलगा म्हणाला.

“कॅमेरा उलटा लाव. तळ वर.”

त्याने कॅमेरा उलटा लावून पुन्हा फोटो घेतला. आता ओघळ भिंतीच्या उजव्या टोकाला आले. भिंत सरळ होती. लेन्सच्या आतली एखादी काच केसभर सरकलेली होती, बहुधा पहिल्या दिवसापासून.

“पण तात्या, आलेखात असं नव्हतं,” मुलगा म्हणाला. “आलेखात एकच बाजू असते. मध्य ते टोक. डावं वेगळं, उजवं वेगळं, असं नसतं त्यात.”

“मग तो आलेख या लेन्सचा होता का?”

मुलगा गप्प झाला. ते त्याला तेव्हाही कळले होते. पत्रकात तळाला बारीक अक्षरांत लिहिलेले होते. जर्मनीच्या झाइससारखी कंपनी तयार लेन्स मोजून आलेख छापते. निकॉन, कॅननसारख्यांचे आलेख आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात. त्यात खोटे काही नाही. काच ठरल्याप्रमाणे घासली, ठरल्या जागी बसली, तर ती कशी पाहील ते त्यातून कळते. डब्यातून आपल्या हाती आलेली लेन्स कशी पाहते, ते आपल्याच भिंतीवर पाहायचे असते.

“पत्रिका जुळली म्हणून पदर धरलास,” तात्या म्हणाले, “चार दिवस नांदवून पाहिलं नाहीस.”

मग त्यांनी आठचा फोटो लावायला सांगितला. डाव्या टोकाची अक्षरे पूर्ण सुधारली नव्हती, पण निविदेची तारीख वाचता येत होती.

“त्या दिवशी ओळ केवढी होती?”

“मागच्या ओळीत बावीस पोरं. दहा मीटर धरा.”

“सेन्सरवर किती?”

“३५ मिलिमीटर. म्हणजे शेवटची पोर...” मुलगा थांबला. आलेख त्याच्या डोळ्यांपुढे आला. “शेवटची पोर साडेसतरा मिलिमीटरवर.”

“आणि तिचं तोंड केवढं?”

मुलाने कागद घेतला. दहा मीटरचे ३५ मिलिमीटर झाले, म्हणजे सगळे काही २८६ पट लहान. चेहरा चौदा सेंटीमीटर धरला तर सेन्सरवर अर्धा मिलिमीटर. त्या अर्ध्या मिलिमीटरात दोन डोळे, नाक, ओठ, सगळे मावायचे. जाड जाळीची एक जोडी तिथे जवळजवळ तीन सेंटीमीटरांची पडते, रिबीन बांधलेल्या वेणीएवढी. बारीक जाळीची जोडी एका सेंटीमीटरची. डोळ्यातले काळे-पांढरे वेगळे दिसायला तीच लागते. साडेसतरावर जाडवाली शाबूत होती, म्हणून रिबीन आली, मूठ आली. बारीकवाली खाली बसली होती, म्हणून डोळे आले नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी जो आलेख तो तात्यांना समजावत होता, तो त्याला आज समजला.

“मागं भिंत होती, तात्या,” तो हळूच म्हणाला. “जागाच नव्हती.”

“भिंतीपलीकडं?”

“मैदान.”

“मग ओळच मैदानात न्यायची. पन्नासची लेन्स लावून पंधरा मीटर मागं सरकायचं. चारची वेळ असली तर चारला काढायचा. पाहुणा आला तर आला.” तात्या थोडा वेळ थांबले. “लेन्स डावीकडं मऊ होती, हे तिचं चुकलं. तू डावीकडं पाहिलं असतंस तर तुला ते तिथंच कळलं असतं. तीन वेळा बटण दाबलंस. एकदा तरी टोक मोठं करून पाहिलंस का?”

पाहिले नव्हते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर टोक मोठे करून पाहायला पाच सेकंद लागतात.

गोष्ट एवढीच. पण सांगताना मला त्या आलेखाची ठेवण राहून राहून आठवते. तो मध्यापासून सुरू होतो, आपली नजरही मध्यापासून सुरू होते. आणि मध्ये बहुतेक सगळ्याच लेन्स बऱ्या असतात. स्वस्त आणि महाग यांतला फरक उजव्या हाताला उघडा पडतो. शाळा कशी आहे हे पहिल्या बाकावर विचारले तर उत्तर ठरलेले असते. गाव कसे आहे हे पारावर विचारले तरी तसेच. कोपीवरून पाच-सहा महिन्यांनी परत येऊन शेवटच्या बाकावर बसलेल्या पोरीला विचारावे, तिथे रेघ किती खाली आली आहे ते कळते. आणि ती खाली आली असेल तर दर वेळी काचच बदलावी लागते असे नाही. कधी अपर्चर आठवर आणून भागते, कधी बाके हातभर पुढे ओढून.

मुलाने ती लेन्स विकली नाही. दोष सांगून विकली असती तर कुणी घेतली नसती, न सांगता विकणे त्याला जमले नसते. ती स्टुडिओत एकट्यादुकट्याचे फोटो काढायला राहिली. तिथे माणूस मध्येच बसतो. भिंतीवर निविदांचे पान कायमचे चिकटवलेले असते आणि नवी लेन्स आली की आधी त्या पानासमोर उभी राहते.

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी तो पायथ्याच्या त्याच शाळेत गेला. ओळी मैदानात लावल्या, पन्नासची लेन्स लावली, अपर्चर आठवर ठेवले. पहिला फोटो घेऊन आधी डावे टोक मोठे करून पाहिले, मग उजवे. उजव्या टोकाचा पोरगा उन्हाने डोळे मिटत होता; त्याच्यासाठी सगळी ओळ दोन पावले निंबाच्या सावलीकडे सरकवली. हेडमास्तर नवे होते. त्यांनी घड्याळ पाहिले.

फोटो छापून झाल्यावर मुलाने हजेरीपटाची झेरॉक्स समोर ठेवली आणि मागे नावे लिहायला घेतली. आधी उभ्या मुलांची, डाव्या टोकापासून.